वाकड्या हँडलची फौज

तिला सगळे भोंगा म्हणायचे. ती शेवटच्या बाकावरून कुजबुजली तरी फळ्याजवळचा खडू दचकतो, असं तिची मैत्रीण चष्मिस सांगायची. घरी 'हळू बोल', शाळेत 'हळू बोल', आणि वाचनालयात तर ती नुसती दारात दिसली की ग्रंथपाल बाई आधीच ओठांवर बोट ठेवून तयार. बिचारी भोंगा आठवीपर्यंत आवाज गिळत राहिली. मग नववीत आली आणि एके दिवशी तिला वाटलं, पुरे झालं. आवाज काय कुणाकडून उसना आणलाय की जपून वापरावा?

हे तिला वाटलं ते नेमकं समाजसेवेच्या तासाला.

समाजसेवेचे सर तसे वाईट नव्हते. फक्त त्यांचा एका भिंतीवर जीव होता. शाळेच्या मैदानाच्या डाव्या अंगाला, फाटकापासून थेट स्टेजपर्यंत गेलेली भिंत. दरवर्षी नववीचा वर्ग तिच्यावर पांढरा हात मारायचा, वर निळ्या अक्षरांत 'आपला परिसर, आपली जबाबदारी' असं लिहायचा आणि तिच्यासमोर रांगेत उभं राहून फोटो काढायचा. झाली समाजसेवा. पुढच्या वर्षी पुन्हा पांढरा हात, पुन्हा तीच अक्षरं. थरांवर थर चढून भिंत दरवर्षी थोडी जाड होत होती. हे असंच चाललं तर एक दिवस मैदानच उरणार नाही, असा चष्मिसचा अंदाज होता.

"तर यंदाही आपण," सरांनी हात चोळले, "भिंत रंगवणार आहोत."

"सर, मी नाही रंगवणार," भोंगा म्हणाली. तिने हे अगदी हळू म्हटलं होतं. शेजारच्या वर्गातले दोघेजण खिडकीतून डोकावले.

"मग काय करणार? दुसरी भिंत शोधलीस?"

"बायकांना सायकल शिकवणार. इथे मैदानावर. रविवारी सकाळी मैदान रिकामंच असतं."

"कुठल्या बायकांना?"

"पहिली माझी आत्या. मग येतील त्या सगळ्या."

सर समजुतीचं हसले. "घरच्या माणसाला मदत करणं चांगलंच आहे, बाळ. पण त्याला समाजसेवा म्हणत नाहीत."

"का, सर? माझी आत्या समाजात येत नाही?"

वर्गात हशा फुटला. चष्मिसने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. सरांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला, मग लाल झाला, पण माणूस शब्दात पकडला गेला होता. ते म्हणाले, "ठीक आहे. भिंत पूर्ण झाली की मोठ्या बाई बघायला येतील. त्याच वेळी तुझ्या बायकांनी फाटकापासून स्टेजपर्यंत सायकल चालवून दाखवायची. जमलं तर रविवारची सकाळ कायमची तुमची. नाही जमलं तर हा विषय बंद, आणि पुढची भिंत तू एकटी रंगवायची."

"चालेल," भोंगा म्हणाली.

चालेल म्हणायला काय जातं? पण आत्याला सायकल येत नव्हती, आणि तिला ती शिकायचीही नव्हती. खरी अडचण ती होती.

आत्या भोंगाच्या घरीच राहायची. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिची सकाळची पहिली पाळी असायची. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं तिच्या हाताखालून जायचं. वाफेने तिचे हात कायम लाल, आणि घरी आली तरी अंगाला साबणाचा वास. ती धुलाईघराबद्दल असं बोलायची जणू इस्पितळ तिच्याच खांद्यावर उभं आहे. "डॉक्टर लाख कापाकापी करेल, पण चादर कुणी दिली?" हे तिचं ठरलेलं.

आणि आता पहिली बस बंद होणार होती. महिनाअखेरीपासून. प्रवासी कमी, म्हणे. दुसरी बस यायची तोवर पाळी निम्मी उलटलेली असायची. इस्पितळ नदीच्या पलीकडे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. चालत जाणं शक्य नाही. मुकादम बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वेळेवर या, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल.

भोंगाच्या बाबांनी तर विषय संपवलाच होता. "अगं ताई, किती वर्षं राबणार? बस आता घरात. आराम कर."

"आराम मेल्यावर आहेच की," आत्या म्हणाली होती, पण त्या रात्री तिने भांडी जरा जास्तच जोरात घासली. घरात बसवलेली आत्या भोंगाच्या डोळ्यांसमोर येईना. खिडकीत बसून ती दुसऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींना नावं ठेवत बसली असती.

म्हणून सायकल.

"या वयात मी सायकलवर बसू?" आत्या म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय, आत्ताही काहीतरी म्हणतच असतील."

"पडले तर?"

"तुझ्याच इस्पितळात नेऊ. चादर तूच धुतलेली असेल."

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि ओठाच्या एका कोपऱ्यात हसली. तेवढं पुरे होतं.

सायकल होती भोंगाच्या दादाची. दादा नोकरीसाठी दुसरीकडे गेला आणि सायकल जिन्याखाली राहिली. जाण्याआधी त्याने ती एकदा गटारात घातली होती, तेव्हापासून तिचं हँडल डावीकडे फिरलेलं. म्हणजे चाक नाकासमोर चालायचं आणि हँडल मात्र डावीकडच्या शेजाऱ्याकडे बघायचं. घरात सगळे तिला वाकडी म्हणत. भोंगा तिच्यावरच शिकली होती, दुसरी सायकल तिच्या वाट्याला कधी आलीच नाही, त्यामुळे तिला त्यात काही खटकायचंच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे भोवणार आहे.

पहिल्या रविवारी भोंगाने वाकडीची पेडलंच काढून टाकली. सीट खाली केली, इतकी की आत्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. "पेडल विसर. नुसती पायांनी ढकलत जा. तोल आला की पाय आपोआप वर उचलले जातील."

"म्हणजे सायकलवर बसून चालायचं?"

"हो."

"मग चालतच का जाऊ नये?"

पण ढकलत ढकलत आत्या अर्धं मैदान गेली, आणि तिच्याही नकळत तिचे पाय जमिनीपासून वीतभर उचलले गेले. क्षणभरच. ती परत आली आणि नुसतं "पुन्हा" म्हणाली.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकू फाटकातून बघत होत्या. पुढच्या खेपेला त्या आत आल्या. "आमचे हे पाव पोचवायला जातात ते दुपारीच उगवतात. कुठे गप्पा मारत बसतात देव जाणे. मीच जाईन म्हणते." त्यांच्या पाठोपाठ शिलाईवाल्या मावशी आल्या. त्यांचं कारण त्यांनी सांगितलं नाही. "शिकवायचं असेल तर शिकव, चौकशा करू नकोस," एवढंच म्हणाल्या. अंगाने इतक्या बारीक की वाऱ्याने पडतील असं वाटायचं. पण सर्वांत आधी तोल त्यांनाच सापडला.

तिघी आणि एक वाकडी. एक चालवायची, एक मागे सीट धरून धावायची, एक कट्ट्यावर बसून टोमणे मारायची. भोंगा मैदानाच्या मधोमध उभी राहून ओरडायची. आणि बघा गंमत, जन्मभर ज्या आवाजाला सगळ्यांनी खाली बस म्हटलं, तो इथे कामाला आला. "समोर बघा. काकू, चाकाकडे नाही, समोर. मावशी, खांदे सोडा. आत्या, श्वास घे." मैदानाच्या पार टोकाला गेलेल्या बाईलाही भोंगा खणखणीत ऐकू यायची आणि त्या आवाजाने तिला धीर यायचा. "तुझा आवाज पाठीला टेकू दिल्यासारखा वाटतो गं," मावशी एकदा म्हणाल्या. भोंगाला त्या रात्री झोपच लागली नाही.

पेडलं परत बसली. तिघी आळीपाळीने गोल फिरायला लागल्या. भिंत वेळेत संपवायला रविवारीही ब्रश घेऊन आलेला वर्ग अधूनमधून वळून बघायला लागला. दोन-तीन जणांनी तर रंगवता रंगवता 'परिसर'चा रि ऱ्हस्व की दीर्घ यावरून भांडणंही सोडून दिली.

मग तो दिवस आला.

आता चूक कुणाची ते सांगते. भोंगाची. तिला वाटलं, मोठ्या बाईंसमोर खरचटलेली, गंजलेली वाकडी कशी शोभेल? शिवाय एकेकीने जाण्यापेक्षा तिघी एकदम निघाल्या तर काय दिसेल. तिने सायकलच्या दुकानातल्या दादांकडून तीन कोऱ्या सायकली एका सकाळपुरत्या मागून आणल्या. चकचकीत, लाल, घंटी वाजवली तर मंजुळ वाजणाऱ्या. आत्याने हँडलला हात लावून पाहिलं. "हे जरा वेगळंच लागतंय हाताला."

"नवं आहे ना, म्हणून," भोंगा म्हणाली.

स्टेजवर मोठ्या बाई. शेजारी सर. डावीकडे नुकतीच पुरी झालेली भिंत, अजून ओली, निळी अक्षरं चमचमतायत. भोंगा ओरडली, "निघा."

तिघी झोकात निघाल्या. आणि तिघीही, जणू आतून कुणीतरी दोरी ओढावी तशा, एकाच वेळी डावीकडे वळल्या. भोंगा ओरडत राहिली, "सरळ, सरळ." तिघी दात-ओठ खाऊन सरळच जात होत्या, त्यांच्या मते. आधी मावशी, मग आत्या, मग काकू, अशा ओळीने त्या भिंतीत शिरल्या.

कुणाला लागलं नाही, एवढं नशीब. पण तिघी वळल्या तेव्हा 'आपला' आत्याच्या दंडावर होतं, 'परिसर' मावशींच्या गालावर, आणि सगळी 'जबाबदारी' काकूंच्या पाठीवर उलटी उमटली होती. अख्खा वर्ग हसून लोळला. मोठ्या बाईंनी सुद्धा पटकन खोकला काढला. हसले नाहीत ते दोघेच, सर आणि भोंगा.

"माफी मागायची. भिंत पुन्हा करून द्यायची," सर म्हणाले. "आणि मैदानावर यापुढे सायकल दिसता कामा नये."

"माफी मागते, सर. भिंतही रंगवते. माझ्यामुळेच बिघडली." भोंगाचा आवाज काही कमी झाला नाही. "सायकल मात्र बंद करणार नाही. मैदान तुमचं आहे. रस्ता सगळ्यांचा आहे."

"अगं, त्यांना येत नाही हे दिसलं ना आत्ताच?"

आणि आत्याने ते ऐकलं होतं.

घरी आत्याने दंडावरचा रंग घासून घासून काढला. भोंगा मागे उभी. "आत्या, पुन्हा एकदा करून बघू ना."

"नको, बाळा. हौस झाली. तुझा बाबा म्हणतो तेच बरोबर." ती हे न चिडता म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. मग तिने धुलाईघराचा डगला खुंटीवरून काढला आणि घडी घालून कपाटात ठेवला. महिना संपायला अजून चार-सहा दिवस होते, पण घडी मात्र कायमची घातल्यासारखी होती. कडा जुळवून, तळहाताने दाबून.

भोंगा बाहेर आली ती रडतच. सायकली परत द्यायच्या होत्या. म्हटलं, निदान एक चालवत नेऊ. ती लाल सायकलवर बसली, पेडल मारलं, आणि डावीकडच्या कचरापेटीत जाऊन पडली.

मांडीवर केळ्याचं साल. मग उठली, पुन्हा बसली, पेडल मारलं, पुन्हा डावीकडे. समोरून येणारी चष्मिस थबकली. "काय करतेयस?"

"चष्मे, मी किती वर्षं सायकल चालवतेय?"

"तुझे दुधाचे दात पडले तेव्हापासून."

"मग मी कचऱ्यात का जातेय?" आणि ती हसायला लागली, इतकी की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. "अगं, त्यांना येतं. त्यांना मस्त येतं. फक्त वाकडीवर येतं. मी त्यांना वाकडंच शिकवलंय."

ती तशीच धावत घरी गेली, वाकडी जिन्याखालून बाहेर काढली आणि आत्याच्या पुढ्यात उभी केली. "बस."

"नको म्हटलं ना."

"एकदाच. गल्लीच्या टोकापर्यंत. जमलं नाही तर मी आयुष्यभर हळू बोलेन."

हा सौदा आत्याला सोडवेना. ती बसली. हात सवयीने डावीकडे वळलेल्या हँडलवर गेले, आणि आत्या निघाली. सरळ. रेषा मारल्यासारखी. गल्लीच्या टोकाला वळली, परत आली, थांबली. तिने भोंगाकडे पाहिलं, मग हँडलकडे. "म्हणजे वाकडी ही होती? मी नव्हते?"

"तू कधीच नव्हतीस."

आत्या आत गेली, कपाट उघडलं आणि डगला पुन्हा खुंटीला अडकवला.

सायकलवाल्या दादांनी मात्र ऐकून कपाळाला हात लावला. भोंगा बेकरीची जुनी सायकल आणि मावशींच्या मुलाची सायकल घेऊन दुकानात उभी होती. "दोन्हींची हँडलं डावीकडे फिरवून द्या. एवढी."

"लोक वाकडी आणतात, मी सरळ करतो. माझं नाव खराब करशील."

"दादा, सरळ शिकवायला वेळ नाही. महिना संपतोय. नंतर रोज थोडं थोडं सरळ करत आणू. आत्ता चालणं महत्त्वाचं."

"आणि कुणी विचारलं, हे कुणी केलं?"

"माझं नाव सांगा. ऐकू येईल सगळ्यांना."

दादांनी पाना तिच्या हातात दिला. "घे. तूच कर. माझ्या हाताने व्हायचं नाही हे पाप."

मैदान बंद, म्हणून बेकरीमागच्या गल्लीत सराव सुरू झाला. आधी भोंगाने भिंत रंगवायला घेतली, कबूल केल्याप्रमाणे, एकटीने. चष्मिस डबा धरायला आली. मग वर्गातले दोघे आले, मग पाच. कोपराला पांढरा रंग लागलेली ती सगळी वरात तिथून परस्पर गल्लीत आली. "आम्ही सीट धरून धावू," त्यातला एक लांबलचक मुलगा म्हणाला, "ब्रश धरून हात मोडले आमचे." भोंगाने त्यांना कामाला लावलं. कुणी गल्लीच्या तोंडाशी गाड्या थांबवायला, कुणी मागे धावायला. त्या लांबलचक मुलाची आई चौथी आली. एक पेपर टाकणाऱ्या ताई पाचव्या.

पहिली बस बंद झाली त्या सकाळी आत्या अंधुक उजेडात डगला घालून जिन्याखाली उतरली. भोंगा दारात. बाबाही उठून बाहेर आले होते. खाली वाकून त्यांनी मागच्या चाकातली हवा बोटाने दाबून पाहिली.

"ओरडू?" भोंगाने विचारलं.

"लोक झोपलेत."

"मग?"

आत्याने पाय पेडलवर ठेवला. "ओरड."

त्या दिवशी ती गल्ली वेळेआधीच जागी झाली.

दुपारी मधल्या सुट्टीत मैदान पोरांनी भरलं होतं. फाटकाशी घंटी वाजली. मंजुळ नाही, गंजकी. आत्या आत आली, अंगात धुलाईघराचा डगला, पहिली पाळी पुरी करून आलेली. तिच्यामागे पावांची रिकामी टोपली बांधलेल्या काकू. मग मावशी, मग बाकीच्या. सगळ्यांची हँडलं डावीकडे बघत होती आणि सगळ्या नाकासमोर चालल्या होत्या. भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, एकही अक्षर न पुसता, त्या फाटकापासून स्टेजपर्यंत गेल्या. मग लांबलचक मुलगा ओरडला, "आई, समोर बघ," आणि मग कोण कुणासाठी ओरडतंय तेच कळेना.

सर स्टेजजवळ उभे होते. आत्याने त्यांच्यासमोर ब्रेक लावला.

"अहो, पण," सर म्हणाले, "हँडल वाकडं आहे."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "रविवारी मैदान किती वाजता उघडता?"

सरांनी भिंतीकडे पाहिलं. मग आत्याच्या मागे थांबलेल्या रांगेकडे, आणि रंगाने माखलेल्या आपल्या वर्गाकडे. सगळे उत्तराची वाट बघत होते.

"माझ्या बायकोलाही येत नाही," ते अगदी हळू म्हणाले.

"काय म्हणालात, सर?" भोंगाने विचारलं. "जरा मोठ्याने बोला."